सगळ्यांची शाळा दिसायची कशी?

आज जाऊया आयर्लंडला. डब्लिनच्या रॅनला भागात एक प्राथमिक शाळा आहे, रॅनला मल्टी-डिनॉमिनेशनल स्कूल. मराठीत सर्वधर्मीय शाळा म्हणू. असं नाव मुद्दाम का ठेवावं लागलं, ते आधी बघू.

आयर्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देतं, वळण चर्च लावतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट सेटिंगच कॅथलिक! २०१८ च्या कायद्याआधी जागा कमी असल्या की अशा शाळा बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश देऊ शकायच्या. आता तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या एखाद्या जोडप्याचा विचार करा. पोरगी चार वर्षांची, घर शाळेच्या अगदी समोर, तरी नंबर शेवटचा.

याला पर्याय म्हणून डब्लिनजवळच्या डॉकी गावात पालक एकत्र आले आणि १९७८ मध्ये अशी पहिली शाळा सुरू झाली. रॅनलाची शाळा त्याच वाटेवरची. इथे एक गल्लत होते. सर्वधर्मीय म्हणजे निधर्मी नाही. धर्म शिकवतात, पण सगळ्यांचे, आणि माहिती म्हणून. स्वतःच्या धर्माचे संस्कार हवे असतील तर ते शाळा सुटल्यावर, पालकांनी बघायचं.

मग इमारत कशी बांधायची? चर्चची शाळा क्रॉसवरून, संताच्या नावावरून ओळखता येते. आपल्याकडे असतं तर भिंतीवर ओम, चांद, क्रॉस ओळीने रंगवून मोकळे झालो असतो. शीला ओ'डॉनेल आणि जॉन टुमी या आर्किटेक्ट नवरा-बायकोने त्या वाटेला न जाता शेजारची घरं बघितली. रस्त्यावर जुन्या विटांच्या घरांची रांग आहे. तिथे एकच लांबलचक ठोकळा उभा केला असता तर घरं दबली असती. म्हणून इमारत घरांच्या मापाच्या तुकड्यांत मोडली. विटाही नव्या करकरीत नाहीत, आधी कुठेतरी वापरलेल्या. जोडीला लाकूड. मला हे जाम आवडलं, कारण दारातून आत जाताना कुठल्याच मुलाला आपण पाहुणे आहोत असं वाटायचं कारण उरत नाही.

१९९८ मध्ये ही इमारत पूर्ण झाली आणि १९९९ च्या स्टर्लिंग प्राइझच्या अंतिम यादीत पोचली. हरली कोणाशी माहितीये? लॉर्ड्सच्या मीडिया सेंटरशी! मॅच बघताना दिसतं ना, ते पांढरं यानासारखं, तेच. पुढे २०१५ मध्ये या जोडप्याला रॉयल गोल्ड मेडल मिळालं. शाळेचे फोटो शोधलेत तर रस्त्याच्या बाजूचे आधी बघा.