मोतीचे आजारपण
आमचा मोती तीन महिन्यांचा. एके सकाळी त्याने दूधभाकरीकडे पाठ फिरवली. दुपारपर्यंत ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण! "पार्व्हो," डॉक्टर म्हणाले. १९७८ साली जगभर पसरलेला हा विषाणू आतड्यांचे अस्तरच सोलतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चमच्याने पाणी पाजा." पण ओकणाऱ्या पोटात पाणी ठरते कुठे? ते शिरेतूनच द्यावे लागते. सलाईन डॉक्टरांकडे, ऊब, स्वच्छता आणि जागरण आमच्याकडे. पाचव्या दिवशी त्याने चार चमचे पेज चाटली, अन् आमची दिवाळी झाली!

पण वाचकहो, रोगी उठला तरी विषाणू अंगणात महिनोन्‌महिने टिकतो. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा. पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून लस टोचा. १६ आठवड्यांचे होईपर्यंत एकही डोस चुकवू नका.