गरम सँडविच आणि मंद आच

वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला थोडक्या पैशांत पोटभर आणि गरम खायचे, तर बटाट्याचे सँडविच उत्तम. पण घाईत केलेले सँडविच बाहेरून करपते आणि आत गारच राहते. असे का व्हावे?

पाव सच्छिद्र असतो. छिद्रांतली हवा उष्णतेची मंदवाहक. म्हणून तव्याची उष्णता सारणापर्यंत सावकाश पोचते. पृष्ठभाग मात्र लवकर तापतो. त्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे पुढे जात नाही. पाणी उडाले की ते १४० च्या आसपास चढते आणि शर्करा व प्रथिने यांच्या अभिक्रियेने खमंग तांबूस रंग येतो. (फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी ही अभिक्रिया १९१२ मध्ये वर्णिली.) आणखी तापला की कोळसाच!

तेव्हा बटाटा उकडल्याबरोबर गरमच कुस्करून भरा. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, म्हणून तो पुष्कळ उष्णता साठवतो. आणि तोच सच्छिद्र पाव तिला सहजी बाहेर जाऊ देत नाही. आच मंद ठेवा. वर ताटली आणि तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवा, म्हणजे पाव तव्याला सर्वत्र टेकेल. लोणी नसले तरी अडत नाही. तव्यावर तेलाचे चार थेंब पुरतात.