संकेतस्थळाचें बिऱ्हाड हलवितांना

श्रोतेहो, भंडारा जिल्ह्यांत तुमसरजवळ असलेला आंबागड किल्ला आपल्यापैकीं कांहींनीं पाहिला असेल. देवगडचा राजा बख्त बुलंद याच्या राजाखान पठाण या सुभेदारानें तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधिला. पुढें नागपूरकर भोसल्यांनीं त्याचा तुरुंग म्हणून उपयोग केला. समजा, या किल्ल्याची माहिती व छायाचित्रें एका गृहस्थांनीं आपल्या संकेतस्थळावर मांडिलीं. आरंभीं चांचणी म्हणून केलेली ही मांडणी ‘किल्ला’ नांवाच्या पोटफोल्डरमध्येंच राहून गेली. आतां संकेतस्थळाचें नुसतें नांव टाइप केलें तर कोरें पान दिसतें. तेव्हां तें सर्व मूळ फोल्डरमध्यें, म्हणजे अगदीं दर्शनी दारीं, आणावें असें त्यांस वाटतें. वरवर पाहतां हें काम फायली उचलून ठेवण्याचें आहे. तसें तें नाहीं.

वर्डप्रेससारख्या प्रणालींत लेखांचा मजकूर डेटाबेसमध्यें असतो, आणि संकेतस्थळाचा पत्ताही तेथेंच नोंदलेला असतो. फायली हलल्या व नोंद जुनीच राहिली, तर संकेतस्थळ पाहुण्यांना आपल्याच रिकाम्या घरीं धाडीत बसतें. म्हणून प्रथम फायली व डेटाबेस या दोहोंची प्रत काढून ती अन्यत्र ठेवावी. (हें सर्वांस ठाऊक असतें, आणि बहुतेक जण तेंच टाळतात!)

सोपा मार्ग असा. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्यें दोन पत्ते असतात: प्रणाली जेथें ठेविली आहे तो एक, आणि वाचकानें जेथें यावें तो दुसरा. केवळ दुसरा बदलावा. मग ‘इंडेक्स’ फाइलीची प्रत मूळ फोल्डरमध्यें ठेवून तींतील मार्गाची ओळ पोटफोल्डरकडे वळवावी, आणि पर्मालिंकची मांडणी पुन्हां सेव्ह करावी. सामान जागेवरच राहतें. दार तेवढें पुढें येतें. सामानच हलवावयाचें असेल तर डेटाबेसांतील जुना पत्ता जागोजाग बदलावा लागतो, व तेथें साधें शोधून बदलणें घातक ठरतें. कांहीं नोंदींत मजकुरापुढें त्याची अक्षरसंख्याही लिहिलेली असते. पत्ता आंखूड झाला आणि संख्या तीच राहिली, तर ती नोंद वाचतांच येत नाहीं. संख्या जुळवून घेणारें साधनच वापरावें.

परंतु खरा प्रश्न जुन्या पत्त्यांचा आहे. एखाद्या शिक्षकानें तो मुलांच्या वहींत लिहून दिला असेल. त्या मुलाला ‘४०४’ हा आंकडा दिसला, तर त्याच्यापुरता आंबागड नाहींसाच झाला. यासाठीं सर्व्हरला ‘३०१’ क्रमांकाचा, म्हणजे कायमच्या स्थलांतराचा, आदेश देतात. ‘३०२’ हा तात्पुरत्याचा. ब्राउझर ३०१ चा आदेश लक्षांत ठेवून बसतो, म्हणून आधीं ३०२ नें पारख करावी. प्रत्येक जुनें पान त्याच्याच नव्या पानाकडे गेलें पाहिजे; सर्वांना मुखपृष्ठावर लोटणें मला तरी उद्धटपणाचें वाटतें. मात्र सोप्या मार्गानें गेलेल्यांनीं सरसकट आदेश देऊं नये. छायाचित्रें व व्यवस्थापकाचें दार अद्याप पोटफोल्डरमध्येंच असतें. तींही त्या आदेशांत सांपडतात.

गूगल असे आदेश किमान एक वर्ष ठेवावयास सांगतें. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं तर १९९८ मध्येंच, चांगला पत्ता बदलूंच नये, असें प्रतिपादन केलें होतें. आमच्या गृहस्थांना तें उशिरा कळलें, एवढेंच! त्यांनीं आतां दुसऱ्या कोणाच्या संगणकावर जुना पत्ता उघडून किल्ल्याचीं छायाचित्रें दिसतात कीं नाहीं तें पाहावें.