पाहणारा एकटा नसतो
एका उभ्या तबकडीत टपालपेटीला असते तशी एक लांबट फट आहे. तबकडी फिरवली की फट कधी आडवी होते, कधी उभी, कधी तिरपी. समोर बसलेल्या बाईंच्या हातात एक कार्ड दिलं आणि सांगितलं, फट जशी आहे तसं हे कार्ड नुसतं धरून दाखवा. त्यांना जमेना. कोन साफ चुकत होता, जणू त्या अंधारात अंदाज बांधत होत्या. मग सांगितलं, बरं, आता कार्ड फटीत टाका. हात पुढे गेला, वाटेतच मनगट वळलं आणि कार्ड अलगद आत!

जी फट कशी आहे हे बाईंना सांगता येत नव्हतं, ती त्यांच्या हाताला बरोबर ठाऊक होती.

संशोधनाच्या जगात या बाई डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जातात. १९८८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, इटलीत अंघोळ करताना पाणी तापवणाऱ्या सदोष हीटरमुळे कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या अंगात भिनला. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे आपल्याकडे जीव जातात, ते याच वायूने. डी. एफ. वाचल्या. डोळे शाबूत राहिले, रंग कळत होते, वस्तूचा खरखरीत किंवा गुळगुळीत पोतही कळत होता. आकार तेवढा हरवला. समोरचं चित्र कशाचं आहे हे ओळखता येईना. डेव्हिड मिल्नर आणि मेल्विन गुडेल या शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर केलेले प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाले आणि ‘पाहणं’ ही एकसंध क्रिया आहे या समजुतीला तडा गेला.

डोळ्यांकडून आलेले संदेश मेंदूच्या पार मागच्या भागात, डोक्याच्या पाठीमागच्या उंचवट्याच्या आसपास पोचतात. तिथून पुढे ढोबळमानाने दोन वाटा फुटतात. खालची वाट कानांच्या बाजूला जाते आणि ‘हे काय आहे, हा कोण आहे’ याचा छडा लावते. वरची वाट माथ्याकडे जाते आणि ‘हे कुठे आहे, हात कसा न्यायचा, पाय कुठे टाकायचा’ हे ठरवते. डी. एफ. यांची खालची वाट उद्ध्वस्त झाली होती, वरची बरीचशी चालू होती. आपल्या दोन्ही वाटा इतक्या बिनबोभाट जोडीने चालतात, की त्या दोन आहेत याचा आपल्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही.

कामाच्या वाटण्या याहूनही बारीक आहेत. १९८३ साली म्युनिकमधल्या संशोधकांनी एका रुग्ण बाईंची हकिकत मांडली. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी झाल्यावर त्यांना वस्तू दिसत, रंग दिसत. हालचाल मात्र दिसेना. कपात ओतताना चहाची धार गोठल्यासारखी वाटे आणि कप केव्हा भरला ते कळत नसे. रस्त्यावरची गाडी आत्ता लांब आहे, पुढच्या क्षणी अंगावर आलेली आहे. मधला प्रवास गायब!

नजरेचा कोणता भाग मेंदूत कुठे उमटतो, हा नकाशा तपशिलाने उलगडला तो युद्धामुळे. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात रशियन बंदुकांच्या नव्या गोळ्या बारीक आणि अतिवेगवान होत्या. कवटीच्या एका बाजूने शिरून दुसरीकडून सरळ बाहेर पडत आणि सैनिक कित्येकदा जगतही. दृष्टी किती गेली त्यावर पेन्शन ठरायची, म्हणून तात्सुजी इनोऊये या जपानी नेत्रतज्ज्ञाकडे तपासणीचं काम आलं. त्यांनी गोळी शिरल्याची आणि निघाल्याची जागा मोजून तिचा मार्ग काढला, सैनिकाच्या नजरेतला कोणता तुकडा नाहीसा झालाय ते पाहिलं आणि दोन्ही जुळवून मेंदूतला दृष्टीचा नकाशा रेखाटला. त्यात एक नवल निघालं. आपण रोखून पाहतो तो नजरेच्या मध्यावरचा एवढासा ठिपका, पण मेंदूतली जागा त्याने भलतीच मोठी अडवलेली असते.

पहिल्या महायुद्धात जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांना तसेच जखमी भेटले. नजरेच्या आंधळ्या भागात ठेवलेली वस्तू त्यांना दिसत नसे, पण ती हलली की काही जण म्हणत, काहीतरी हललं. काय हललं ते सांगता येत नसे. पुढे १९७४ साली लॉरेन्स वाइसक्रान्त्झ आणि सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाला आग्रह केला की दिसत नसलं तरी नुसता अंदाज सांगा. अंदाज आश्चर्य वाटावं इतके अचूक निघाले. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं ‘ब्लाइंडसाइट’.

सगळ्यात थक्क करणारा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. लागोपाठच्या दोन पक्षाघातांनी एका डॉक्टरांच्या मेंदूतलं दोन्ही बाजूंचं मुख्य दृष्टिकेंद्र निकामी झालं होतं. ते पांढरी काठी घेऊन चालत. संशोधकांनी एका लांब कॉरिडॉरमध्ये खोकी आणि इतर वस्तू अस्ताव्यस्त ठेवल्या आणि त्यांना काहीही न सांगता म्हटलं, काठीशिवाय चाला. ते चालले, प्रत्येक अडथळा चुकवून, एकालाही न धडकता. आपण काही चुकवलं याची त्यांना जाणीवच नव्हती! डोळ्यांपासून निघणारे काही तंतू मुख्य केंद्राला वळसा घालून मध्यमेंदूतल्या एका जुन्या ठाण्यावर जातात. मासे आणि बेडूक मुख्यतः ज्या केंद्राच्या भरवशावर पाहतात, तेच हे ठाणं. बहुधा अशाच आडवाटांनी या डॉक्टरांना वाट दाखवली.

हे सगळं मोठ्यांच्या जखमांमधून कळलं. आज त्याचा उपयोग मुलांसाठीही होतो आहे. विल्यम्स सिंड्रोममध्ये सातव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा नसतो. ही मुलं गप्पिष्ट असतात, चेहरे चांगले ओळखतात, पण ठोकळ्यांची साधी नक्षी जुळवताना अडतात. जॅनेट ॲटकिन्सन आणि ऑलिव्हर ब्रॅडिक यांनी त्यांना तीच फट दाखवली, तर चित्र डी. एफ. यांच्या उलट! फटीचा कोन जुळवून दाखवणं त्यातल्या त्यात जमत होतं, कार्ड आत टाकताना मात्र हात चुकत होता.

विल्यम्स सिंड्रोम दुर्मीळ आहे. पण पुरे दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मल्या जन्मल्या न रडलेली, रक्तातली साखर एकदम उतरलेली बाळं प्रत्येक मोठ्या दवाखान्यात येतात, आणि त्यांच्यात डोळे निरोगी असूनही मेंदूपाशी दृष्टी अडखळू शकते. ‘सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट’ म्हणतात ते हेच. अनेक श्रीमंत देशांत मुलांच्या दृष्टिदोषाचं ते आज प्रमुख कारण आहे. असं मूल एकटं अक्षर वाचतं, भरगच्च पानावर हरवतं. खेळण्यांच्या ढिगातली आवडती गाडी त्याला सापडत नाही. फरशीवरची रेघ पायरी समजून थबकतं आणि खऱ्या पायरीवर चुकतं.

बोलता न येणाऱ्या बाळाचीही तपासणी होते. कोऱ्या करड्या पृष्ठभागाशेजारी पट्टे दाखवले, तर बाळाची नजर पट्ट्यांकडे वळते. पट्टे बारीक करत गेलं की नजर कुठवर पोचते ते कळतं. निदान झालं की उपाय घरातलेच असतात. नक्षीची चादर काढून एकरंगी घालायची, एका वेळी एकच खेळणं द्यायचं, पुस्तकाच्या बाकीच्या ओळी कागदाने झाकायच्या. गर्दीत आईने नुसतं उभं न राहता हात हलवायचा, कारण हालचाल बहुतेकदा आकाराआधी पोचते.

भिंतीवरच्या तक्त्यावर एका वेळी एक अक्षर वाचायला लावणारी तपासणी या साऱ्या यंत्रणेतल्या एकाच कामगाराला प्रश्न विचारते. म्हणून एखाद्या मुलाच्या तपासणीच्या कार्डावर ६/६, म्हणजे नजर ठीक, असं लिहिलेलं असताना ते जिन्यावर धडपडत असेल, तर त्याला वेंधळं ठरवायची घाई नको. कार्डही खरं असू शकतं आणि धडपडही.