चार खासदारांइतकीही नव्हती गिरींची विजयरेषेपुढची आघाडी

श्रीलंकेत 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. अनुरा कुमारा दिसानायके 42.31 टक्क्यांवर अडकले, सजित प्रेमदासा 32.76 वर. बाकीचे सगळे बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका पुन्हा चाळल्या गेल्या. साताऱ्याकडच्या उंब्रजच्या गुरुजींना यात नवल वाटू नये. ते मत देतात त्या विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघात फुली नसतेच. आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेननं नावापुढं 1, 2, 3 लिहायचं असतं.

आपल्या राष्ट्रपतिपदाचा निकाल असा एकदाच लागला, 1969 मध्ये. त्या नाट्यात दोन मराठी माणसं होती.

एक, उंब्रजशेजारच्या कराडचे यशवंतराव चव्हाण. बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात पक्षाचा उमेदवार ठरवताना त्यांनी इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींच्या पारड्यात मत टाकलं. मग इंदिराबाईंनीच खासदार-आमदारांना ‘सदसद्विवेकबुद्धीनं’ मतदानाची मुभा मागितली. व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे होतेच.

दुसरे, चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावरून नेहरूंकडं अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर ते लढले आणि तिसरे आले. तरी त्या निवडणुकीतला सगळ्यात मोलाचा माणूस तोच, कारण त्यांच्या 1,12,769 मतांवर लिहिलेला ‘2’ आता बोलणार होता.

20 ऑगस्टची मोजणी जरा जवळून बघण्यासारखी आहे. जिंकायला हवी होती 4,18,169 मतं. गिरी 4,01,515 वर, रेड्डी 3,13,548 वर. गिरींना कमी पडत होती 16,654. एका खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा 576, म्हणजे एकोणतीस खासदारांचा खड्डा. बाद झालेल्यांची मतं वाटली गेली तेव्हा रेड्डींना तब्बल 91,879 मिळाली, गिरींना अवघी 18,562. देशमुखांच्या मतांनी गिरींना तारलं असं म्हणावं, तर त्यातली बहुतेक गेली रेड्डींकडं! पण खड्डा बुजायला तेवढी पुरली. विजयरेषेपुढं गिरी गेले ते 1,908 मतांनी. चार खासदारांइतकीही नव्हेत.

मतदानाआधी रेड्डींसाठी हीच दुसरी पसंती मागायला काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघाच्या दारी गेले आणि इंदिराबाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. रेड्डींना मत देणारे यशवंतराव बाईंबरोबर राहिले आणि 1971 मध्ये त्यांच्याच पक्षाकडून साताऱ्यातून लोकसभेवर गेले. रेड्डी 1977 मध्ये राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध.