खासगीकरण आणि वीज कर्मचारी : संघटनेचे बळ कुठवर?

साखरा (जि. हिंगोली), प्रतिनिधी

सार्वजनिक उपक्रमाच्या खासगीकरणाची चर्चा सुरू झाली, की कर्मचाऱ्यांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो नोकरीचा. राज्यातील वीज कर्मचारी गेली दोन दशके या प्रश्नाला तोंड देत आहेत.

जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि सूत्रधारी अशा चार कंपन्या अस्तित्वात आल्या. अशा हस्तांतरणात कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी लाभदायक असू नयेत, असे विद्युत कायदा २००३ चे कलम १३३ सांगते. मात्र, हे कवच कायम कर्मचाऱ्यांपुरतेच आहे. रिक्त पदे न भरणे किंवा तेच काम कंत्राटी कामगारांकडून करून घेणे, याला त्यामुळे आळा बसत नाही.

फ्रँचायझीचा मार्ग

२००७ मध्ये भिवंडीत टोरंट कंपनी आणि २०११ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) जीटीएल कंपनी फ्रँचायझी म्हणून आली. या पद्धतीत यंत्रणेची मालकी महावितरणकडेच राहते. देखभाल आणि वसुली मात्र खासगी कंपनीकडे जाते. कायम कर्मचाऱ्याची नोकरी थेट जात नाही, पण त्या शहरातील त्याचे काम संपते आणि बदलीची टांगती तलवार राहते. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपुष्टात आला आणि वितरण पुन्हा महावितरणकडे आले.

एका दिवसात मिटलेला संप

भांडुप परिमंडळात समांतर वितरण परवाना मिळावा, यासाठी अदानी समूहातील कंपनीने २०२२ मध्ये अर्ज केला. त्याविरोधात तीसहून अधिक संघटनांच्या संघर्ष समितीने ४ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांचा संप पुकारला. शासनाने ‘मेस्मा’ लागू केला. तरीही त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चर्चा करून, वीज कंपन्यांचे खासगीकरण करण्याचा शासनाचा विचार नसल्याचे स्पष्ट केले आणि संप मागे घेण्यात आला. संघटना एकत्र आल्या नसत्या, तर हे आश्वासन इतक्या लवकर मिळणे अवघड होते.

न्यायालयाची मर्यादा

निर्गुंतवणूक हा धोरणात्मक निर्णय असून कर्मचारी तो रोखू शकत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये ‘बाल्को’ प्रकरणात दिला. त्या कंपनीच्या कामगारांनी त्याच वर्षी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला होता. विक्रीच्या करारात वर्षभर कामगारकपात न करण्याची अट होती. म्हणजेच व्यवहार न थांबला, तरी अटी मिळू शकतात. पण त्या करारावर सह्या होण्यापूर्वीच मागाव्या लागतात.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपातीसाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली आहे. संपापूर्वी नोटीस देणेही सर्वच उद्योगांत बंधनकारक झाले आहे. त्यामुळे सेवेची हमी, बदलीचे पर्याय आणि निवृत्तिवेतन यांविषयी आधीच लेखी करार करून घेणे संघटनांसाठी अधिक निकडीचे ठरते.

सर्वाधिक असुरक्षित आहे तो कंत्राटी कामगार. ठेकेदार बदलला, की त्याचे काम धोक्यात येते. २०२३ च्या संपात कंत्राटी कामगारांच्या संघटनाही उतरल्या होत्या, त्यामागे हेच कारण होते.

हा प्रश्न केवळ पगाराचा नाही. शहरी व औद्योगिक ग्राहकांकडून मिळणाऱ्या महसुलातून शेतीपंपांच्या वीजदराचा भार काही अंशी उचलला जातो. फायद्याचे शहरी भाग वेगळे झाले, तर साखऱ्यासारख्या गावांच्या वीजपुरवठ्याचा भार कोणी सोसायचा, हा संघटनांचा सवाल शहरी ग्राहकांनीही समजून घेण्याजोगा आहे.