जुन्या फोटोतलं मोडकं विमान कोणतं? आधी पंख पाहा, मग रंग

भंडारदऱ्यात विल्सन धरणाचं काम (१९१० ते १९२६) सुरू होतं, त्याच काळात मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर फ्रान्सच्या आकाशात ब्रिटिशांचं लढाऊ विमान उडवत होते. पहिल्या महायुद्धातल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी ते एक. २७ जून १९१८ रोजी त्यांचं विमान परतलं नाही. ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधल्या हँगार गावच्या युद्ध दफनभूमीत त्यांची कबर आहे.

विमान शत्रूच्या हद्दीत पडलं की घरच्यांना बहुतेक वेळा एकच शब्द कळायचा, ‘बेपत्ता’. अवशेषांसोबत सैनिकांनी काढलेले फोटो मात्र आजही सापडतात. विमान ओळखलं, तर आत कोण होतं याचा माग लागू शकतो.

ओळखायचं कसं?

वेलिंगकर यांचं विमान होतं सॉपविथ डॉल्फिन. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे असतो. डॉल्फिनमध्ये उलटं, वरचा पंख मागे. वैमानिकाला चौफेर दिसावं म्हणून त्याचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर यायचं. विमान उलटलं तर काय होईल, याची कल्पना करा! हा आकार इतका अनोळखी होता की सुरुवातीला मित्रदेशांच्या वैमानिकांनीच डॉल्फिनला जर्मन विमान समजून हल्ले केले.

पण आदळल्यावर पंख जागेवर राहतातच असं नाही. मग इंजिन शोधायचं, कारण ते सहसा ओळखू येण्याइतकं शाबूत राहतं. चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार सिलिंडर दिसले, तर ते डॉल्फिन नाही. त्याला पाण्याने थंड होणारं आठ सिलिंडरचं ‘व्ही’ आकाराचं इंजिन होतं.

रंग फसवतात

त्या काळच्या बऱ्याच फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट उमटायचा. ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेत बाहेर निळा आणि मध्ये लाल, फ्रेंच खुणेत नेमकं उलट. म्हणजे फोटोत मधला ठिपका गडद दिसला तर विमान ब्रिटिश असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे शेपटीजवळचा अनुक्रमांक. त्यावरून लष्करी नोंदींत तुकडी, तारीख आणि वैमानिकाचं नाव शोधता येतं. अडचण एवढीच की, आठवण म्हणून सैनिक अनेकदा नेमका तोच कापडाचा तुकडा कापून न्यायचे.